मदत हवी आहे : करारात 'सर्व लेखन कंपनीचे', मग माझ्या कथांचं काय?

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षं क्रीम-लोशनची फॉर्म्युलेशन्स करते आणि रात्री कथा लिहिते. दोन्ही मनापासून. एकासाठी दुसरं सोडायची माझी तयारी नाही.

यंदा एका दिवाळी अंकाने माझी कथा घेतली आहे. नायिका लॅबमध्येच काम करते. तेल आणि पाणी वेगवेगळ्या बीकरमध्ये ७५ अंशांपर्यंत तापवून ती होमोजिनायझर (दोन्ही एकजीव करणारं यंत्र) लावते, छान दुधाळ रंग येतो. क्रीम टिकतं का हे बघायला ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेली बरणी महिन्याभराने काढते, तर वर तेलाचा तवंग. तीच बरणी हातात धरून ती आईला फोन लावते. यात कंपनीचं गुपित काहीच नाही, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

पण नव्या करारात 'नोकरीच्या काळातील सर्व लेखन कंपनीच्या मालकीचे' असं कलम घातलंय. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचलं. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो; घरी लिहिलेली कथा त्यात कशी बसेल? तरी 'वेगळा करार नसल्यास' हे शब्द तिथे आहेत, आणि माझी धास्ती तीच आहे. एचआर दोन आठवडे "बघू" म्हणतंय. सही शुक्रवारी करायची आहे.

कुणी असं कलम बदलून घेतलंय का? ललित लेखन वगळणारी ओळ नेमकी कशी लिहून घेतलीत? टोपणनाव सुचवू नका, प्लीज. अंकात माझं नाव आजीला वाचायचं आहे.