‘फोटोसेन्सिटायझर’ला मराठीत काय म्हणावे?

मांडवीकाठ: फोंड्यातील एका दंतवैद्यांचे रुग्णपत्रक मराठीत करत आहे. हिरडी आणि दात यांच्यामधील खाचेत मिथिलीन ब्लूचे द्रावण सोडायचे, त्यावर तांबडा प्रकाश टाकायचा आणि तेथले जिवाणू मारायचे, अशी ही पद्धत. या रंगद्रव्याला, म्हणजे फोटोसेन्सिटायझरला, मी ‘प्रकाशसंवेदक’ म्हटले, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ‘संवेदक म्हणजे सेन्सर’ असा शेरा मारून तो शब्द खोडला. मग काय लिहावे?

म्हापसेकर: बाईंचे बरोबर आहे, आणि ‘प्रकाशसंवेदी’ही चालणार नाही. रंगद्रव्य प्रकाश शोषते, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देते आणि असा चेतलेला ऑक्सिजन जिवाणूचे पटल, प्रथिने, जे सापडेल ते नासवत सुटतो. प्रकाश बाधतो तो जिवाणूला, औषधाला नव्हे. म्हणून ‘प्रकाशसंवेदीकारक’.

डिचोलीची मास्तरीण: हा शब्द वाचून होईपर्यंत रुग्ण खुर्चीतून उठून जाईल! ‘उजवाडाने चेतणारे औषध’ लिहा. आमच्या तालुक्यात कोणालाही कळेल.

म्हापसेकर: उजवाड कोंकणी आहे. मराठी पत्रकात ‘उजेड’ हवा.

डिचोलीची मास्तरीण: घरात उजवाड म्हणायचे आणि कागदावर मात्र लाजायचे, हे सोवळे मला मान्य नाही.

जुना कोश: मुळाकडे जाऊ या. ॲक्रिडीन हे रसायन आणि प्रकाश यांच्या जोडीने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव मरतात, हे म्युनिकच्या ऑस्कार राब यांनी १९०० साली प्रसिद्ध केले आणि त्यांचे गुरू टॅपाइनर यांनी पुढे या क्रियेला ‘फोटोडायनॅमिक’ म्हटले. त्यात संवेदना नाही; ग्रीक ‘डायनॅमिस’, म्हणजे शक्ती, आहे. ‘प्रकाशबली’ का नको?

म्हापसेकर: बळी तर जिवाणूंचा जातो!

सूक्ष्मदर्शी, मडगाव: आपण सर्वजण निम्म्याच कामाला नाव देत आहात. असे रेणू शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपानेही परत टाकतात, म्हणून त्यांनी जिवाणू दिसतातही. मुरुमांतील जिवाणू तर स्वतःच पॉर्फिरीन हे असेच एक द्रव्य बनवतात आणि वुड्स दिव्याखाली, म्हणजे त्वचा तपासायच्या अतिनील दिव्याखाली, नाकाच्या बाजूला नारिंगी-तांबडे ठिपके उमटतात. मात्र जी ऊर्जा चमकण्यात जाते ती ऑक्सिजनला मिळत नाही, त्यामुळे उत्तम दाखवणारे द्रव्य उत्तम मारणारे असेलच असे नाही. या चमकण्याला, म्हणजे प्रतिदीप्तीला, सामावणारा शब्द हवा.

जुना कोश: ‘प्रतिदीप्ती’ हिंदीची उसनवारी वाटते; ‘अनुदीप्ती’ म्हणा.

सूक्ष्मदर्शी, मडगाव: मुळीच नाही. ‘अनु’ म्हणजे मागून, आणि प्रतिदीप्ती दिवा मालवताच थांबते. दिवा गेल्यावर रेंगाळते ती स्फुरदीप्ती.

मांडवीकाठ: पत्रक सोमवारी छापायला जाते आहे.

जुना कोश: ‘स्फुरदीप्ती’वरही माझा आक्षेप आहे.