थंडीत बारा चाकी डिझेल ट्रक सुरू करणे आणि गरम करणे: सल्ला हवा आहे

धागाकर्ता, पिंपळगाव बसवंत

नमस्कार. आमचा बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांचा) बारा चाकी ट्रक जानेवारीत द्राक्षे घेऊन श्रीनगरला जातो आणि परतीला पुलवाम्याजवळच्या लासीपोरा येथील शीतगृहांतून सफरचंद भरून वाशीच्या बाजारात येतो. गेल्या जानेवारीत रामबनकडे दरड कोसळून महामार्ग बंद झाला आणि काझीगुंडला रांगेत दोन रात्री काढाव्या लागल्या. दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, पाच-सहा मिनिटे नीट चालली आणि मग आचके देत जी बंद पडली ती दुपारपर्यंत सुरू झालीच नाही. रांगेतल्या इतर चालकांनी तीन उपाय सांगितले: टाकीत रॉकेल मिसळा, टाकीखाली चिंध्या पेटवा, किंवा रात्रभर इंजिन बंदच करू नका. यांतले कोणते योग्य आहे, आणि सुरू झाल्यावर गाडी किती वेळ उभी ठेवून गरम करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त सैनिक (वाहन चालक), सातारा

सेल्फ जोरात फिरला, गाडी सुरू झाली आणि नंतर मेली, याचा अर्थ बॅटरीचा दोष नाही. बॅटरी उतरली असती तर सेल्फ कुंथला असता. आपल्या गाडीला डिझेल मिळेनासे झाले होते. फिल्टरच्या पुढे असलेल्या डिझेलवर ती पाच मिनिटे चालली, आणि मागून येणारे डिझेल गोठलेल्या मेणामुळे फिल्टरमध्येच अडकले. नाशिकच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली सकाळी पांढरी झालेली आपण पाहिली असेल, तोच प्रकार.

आता एक प्रश्न: टाकीतले डिझेल कुठे भरले होते?

धागाकर्ता

जाताना अंबाल्याच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरली होती, सुमारे ४०० लिटर. काझीगुंडला त्यातले निम्मे शिल्लक होते. फिल्टर उघडला तेव्हा वाटीच्या तळाशी खरोखरच पांढरट साय धरली होती.

निवृत्त सैनिक, सातारा

मग उत्तर मिळाले. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलचा ओतनबिंदू (ज्या तापमानाखाली ते वाहत नाही) हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतो. प्रत्यक्षात मिळणारे डिझेल बरेचदा याहून बरे असते, पण मैदानातल्या पंपावरचे डिझेल शून्याखालच्या रात्रीत टिकेल याची हमी कोणी देत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. म्हणून द्रास किंवा लेहकडे जाणाऱ्याने टाकी जवळजवळ रिकामी करूनच वर पोहोचावे आणि तिथले डिझेल भरावे. टाकी भरलेली ठेवावी म्हणजे आत दव साचत नाही, हा जुना नियम खरा आहे, पण कोणत्या डिझेलने भरलेली, हे विचारायला लोक विसरतात.

चिंध्या पेटवण्याचा उपाय मात्र कृपा करून विसरा. मी तरुणपणी हे होताना पाहिले आहे. सुदैवाने त्या वेळी जवळ वाळूच्या बादल्या होत्या.

डिझेल फिटर, चाकण

काकांचे निदान अचूक आहे. मी फक्त बीएस-६ गाडीपुरते सांगतो, कारण जुन्या गाड्यांचे उपाय इथे महागात पडतात.

रॉकेल मिसळल्याने डिझेल उशिरा गोठते हे खरे, पण हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलमधूनच मिळते आणि रॉकेलमध्ये ते कमी असते. शिवाय बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत असते, तर रॉकेलमध्ये त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे सायलेन्सरमधली सगळी शुद्धीकरण यंत्रणा बिघडू शकते. रॉकेलऐवजी डिझेल गोठू न देणारे द्रव्य बाजारात मिळते, ते वापरा. पण ते उबदार डिझेलमध्ये, घाट चढण्यापूर्वी टाकावे लागते. एकदा मेण धरल्यावर ओतले तर ते विरघळवत नाही.

फिल्टर बंद झालाच, तर नवा फिल्टर डिझेलने भरून बसवा आणि हातपंपाने हवा काढा. जुन्या सवयीने इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायला जाऊ नका. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या) तिथे हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीतून आरपार जाते. फिल्टरखालच्या वाटीतले पाणी रोज संध्याकाळी सोडावे, कारण थंडीत तेही गोठते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये दोन मिनिटे थांबावे. डॅशबोर्डवर हीटरचा दिवा असेल तर तो विझेपर्यंत सेल्फला हात लावू नका, आणि अशा गाडीच्या हवेच्या नळीत ईथरचा फवारा कधीही मारू नका, स्फोट होतो.

धूर शुद्ध करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात तो युरिया उणे ११ अंशांना गोठतो, पण त्यासाठी घाबरू नका. त्या टाकीत त्याला तापवण्याची सोय असते आणि तो गोठला तरी गाडी सुरू होते.

गरम करण्याविषयी: सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर रेस देऊ नका, टर्बोपर्यंत ऑइल पोहोचू द्या. मग तीन ते पाच मिनिटे पुरेत. त्यानंतर हलक्या पायाने गाडी चालवावी, कारण डिझेल इंजिन नुसते उभे राहून नीट तापतच नाही, आणि गिअरबॉक्स व हाउसिंगमधले (मागच्या धुरीच्या गिअरांचे) ऑइल तर चाके फिरल्याशिवाय पातळ होत नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवल्यास ताशी दोन-तीन लिटर डिझेल जाते आणि थंड सिलिंडरमध्ये अर्धवट जळलेल्या डिझेलने काजळी धरून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) भरतो. बर्फात सायलेन्सर बुजला तर केबिनमध्ये विषारी वायू शिरण्याचा धोका वेगळाच. केबिन बंद करून आत कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांची शेगडी) घेऊन झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मराठी चालक, एडमंटन, कॅनडा

इथे उणे ३० अंश ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे इंजिनच्या ब्लॉकमध्येच विजेचा हीटर बसवलेला असतो आणि उभी गाडी रात्री प्लगला जोडून ठेवतात. काझीगुंडच्या रांगेत तशी सोय नाही, हे मान्य. तरी दोन गोष्टी उपयोगी पडतील. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४०ऐवजी कंपनीच्या पुस्तिकेत चालत असेल तर थंडीत जास्त पातळ राहणारे ५डब्ल्यू-४० घाला, सेल्फवरचा भार लक्षात येण्याइतका कमी होतो. दुसरे, ओले ब्रेक रात्रीत ड्रमला चिकटतात, म्हणून थांबण्यापूर्वी दोन-चार वेळा हलके ब्रेक मारून ते सुकवा आणि ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतले पाणी सोडून द्या. रेडिएटरच्या पाण्यातले कुलंटचे (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचे) प्रमाणही तपासा. निम्मे कुलंट आणि निम्मे पाणी असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या खेपेला पठाणकोटला टाकी मुद्दाम कमी ठेवून द्रव्य तिथेच टाकायचे आणि दोन जादा फिल्टर बरोबर द्यायचे, असे चालकाशी बोलून ठरवले आहे. कुलंटचा उल्लेख वाचून आज गॅरेजमध्ये तपासणी करून घेतली. उन्हाळाभर पातळी कमी झाली की आमचा क्लीनर ढाब्यावरच्या नळाचे पाणी ओतत होता. ते उणे ५ अंशांनाच गोठेल असे मीटरवर आले. ब्लॉक फुटला नाही, हेच नवल. डिझेलचे नंतर पाहू, उद्या सकाळी आधी रेडिएटर रिकामा करतो.