आईजवळच्या कुत्रीला नाशिकमध्ये शेल्टरमध्ये ठेवता येईल का?

नितीन_पाथर्डीफाटा
नमस्कार. दिवाळीनंतर वडील गेले. त्यांची गावठी कुत्री चिंगी आता आईजवळ असते, वय साधारण सहा वर्षं. मी पुण्यात भाड्याने राहतो, तिथे घरमालक कुत्रं ठेवू देत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती चिंगीला सकाळी आणि रात्री खाली सोडते. चिंगी थोडं फिरून आपली आपण वर येते. आता सोसायटीची नोटीस आली आहे: "सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार कुत्री ठेवता येणार नाहीत, पंधरा दिवसांत व्यवस्था करा." शेजारी म्हणतात महापालिकेची गाडी बोलवा, मामा म्हणतात त्र्यंबक रोडला एखाद्या ढाब्यापाशी सोड, खायला मिळेल. मला दोन्ही पटत नाही. नाशिकमध्ये महिन्याचे पैसे घेऊन कुत्री सांभाळणारं चांगलं शेल्टर आहे का? लसीचं कार्ड सापडत नाहीये. आई रोज रडते.

अनघा_म्हसरूळ
नितीनदादा, आधी काकूंना फोन करून सांगा की चिंगीला कोणी जबरदस्तीने नेऊ शकत नाही. बाकीचं नंतर.

नोटिशीत ज्या आदेशाचं नाव घेतलंय तो पाळीव कुत्र्यांचा नाहीच. २२ ऑगस्ट २०२५ आणि ७ नोव्हेंबर २०२५ चे सुप्रीम कोर्टाचे दोन्ही आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहेत. नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेज, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुलं इथली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची आणि परत त्या जागी सोडायची नाहीत, असं म्हटलंय. घरातल्या कुत्र्याचा त्यात काही संबंध नाही. उलट भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक सांगतं की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत काढून कमिटीला द्या.

पण चिंगीला मोकळं सोडणं आजपासून बंद करा, हे मी कळकळीने सांगते. गळ्यात पट्टा नसलेली गावठी कुत्री एखाद्या शाळेच्या फाटकापाशी दिसली तर पकडणाऱ्याला ती कोणाची आहे हे कसं कळणार? पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर लिहा. शिवाय तुमच्या बाजूला मळे आहेत. शहराच्या कडेला बिबट्या येतो तो बऱ्याचदा कुत्र्यांच्या मागे, आमच्या म्हसरूळलाही लोक अंधार पडला की कुत्री आत घेतात. रात्री खाली पार्किंगमध्ये बांधायचा विचार तर अजिबात नको.

आता शेल्टर. मी अनेक वर्षं रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांचं करते, शेल्टरमध्ये मदतीला जाते, म्हणून आतलं सांगते. बहुतेक शेल्टर अपघात झालेल्या, खरूज झालेल्या, पाय मोडलेल्या रस्त्यावरच्या जनावरांसाठी असतात. मालक असलेलं धडधाकट कुत्रं ते घेत नाहीत, कारण एक पिंजरा अडला की गाडीखाली आलेलं एखादं पिल्लू बाहेर राहतं. महापालिकेचं केंद्र निर्बीजीकरण आणि रेबीजच्या लसीसाठी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे तिथली कुत्री, वर सांगितलेल्या शाळा-दवाखान्यांसारख्या जागा सोडल्या तर, जिथून आणली तिथेच परत सोडतात. पाळीव कुत्रीची नसबंदी, लस, जंताचं औषध ही त्याच नियमांत मालकाची जबाबदारी आहे. पांजरापोळात मुख्यतः गाई-गुरं असतात. आणि सहा वर्षं माणसाच्या पायाशी झोपलेली कुत्री पिंजऱ्यात ठेवली की पहिले काही दिवस जेवतच नाही. तोंड भिंतीकडे करून बसते. त्यात डिस्टेंपर, पार्व्हो हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य रोग अशा ठिकाणी झपाट्याने पसरतात. कोणी पैसे घेऊन ठेवतो म्हणालं तर नवीन कुत्री वेगळी कुठे ठेवता ते दाखवा म्हणा, डॉक्टर किती वेळा येतात विचारा, आणि न कळवता जाऊन बघा.

ढाब्यावर सोडायचं मामांचं कृपा करून ऐकू नका. तिथली कुत्री नवख्या कुत्रीला पहिल्याच रात्री फाडतात. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने असं सोडून देणं हा गुन्हाही आहे, पण पहिल्या वेळी दंड जेमतेम ५० रुपयांपर्यंत. माझा जीव यानेच तुटतो.

कार्ड हरवलं असेल तर रेबीजची लस पुन्हा द्या, त्याने अपाय होत नाही. डॉक्टरांना घरी बोलवा, सही-शिक्क्याचा दाखला घ्या आणि तो लावून महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढा. शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात चौकशी करा. फिरवायला बिल्डिंगमधलाच एखादा कॉलेजचा मुलगा पैसे देऊन ठेवा. तुमचा खरा प्रश्न शेल्टरचा नाहीच, दिवसातून दोनदा अर्ध्या तासाचा आहे.

माजी_सेक्रेटरी_इंदिरानगर
अनघाताईंचं बरोबर आहे. कमिटीची बाजूही सांगतो. आमच्याकडे तक्रारी येतात त्या कुत्रं पाळल्याच्या नसतात, ते मोकळं फिरतं आणि जिन्यात घाण होते याच्या असतात. मोकळ्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा होऊ शकतो: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटिशीला लेखी उत्तर द्या, लसीचा दाखला जोडा, साखळीशिवाय बाहेर काढणार नाही आणि घाण आम्हीच उचलू हे लिहून द्या, पोच घ्या. अशा पत्रानंतर बहुतेक चेअरमन शांत होतात. नाहीच झाले तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

नितीन_पाथर्डीफाटा
ताई, काका, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. शनिवारी येतोय, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा फिरवायला तयार आहे, चिंगी त्याला ओळखते. एकच शंका, उद्या आईला माझ्याकडे पुण्याला यावं लागलं तर?

अनघा_म्हसरूळ
तर आधी पुण्यात कुत्रं चालेल असं घर बघा, वन आरके असलं तरी चिंगीला पुरेल. अगदीच नाही जमलं तर दत्तक द्या, पण नसबंदी करून, समोरच्यांचं घर स्वतः पाहून, आणि जमलं नाही तर चिंगी तुमच्याकडेच परत येईल असं लिहून घेऊन. मोठ्या गावठी कुत्रीला घर मिळायला महिने लागतात, त्यामुळे हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. शनिवारी आलात की तिचे दिवसाउजेडी दोन-तीन फोटो काढा आणि ती काय खाते, लहान मुलांशी कशी वागते, फटाक्यांना घाबरते का, हे काकूंना विचारून लिहून ठेवा.