जुनं सेकंडहँड चावीचं घड्याळ: दुरुस्त करावं की बंदच ठेवावं?

नमस्कार मंडळी,

चावीच्या घड्याळांमधलं ज्यांना कळतं त्यांचा सल्ला हवा आहे. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर कोणी नेमकं काही सांगू शकणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

घड्याळ सेकंडहँड घेतलेलं आहे. तबकडीवरच्या नावाचा काही माग लागत नाही. मागचं झाकण उघडल्यावर मात्र बॅलन्स व्हीलच्या (मागे-पुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या) खाली ए. शिल्ड या स्विस कंपनीचा छाप आणि ११३० हा आकडा स्वच्छ वाचता येतो. म्हणजे मशीन एएस (ए. शिल्ड) ११३०. तासाला १८,००० ठोके, सहाच्या जागी छोटा सेकंद काटा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या बऱ्याच घड्याळांत हेच मशीन असायचं. माझं घड्याळ सैन्यातलं नाही, साधं नागरी वापराचं आहे, आणि मला तेच आवडतं.

चावी भरली की लगेच चालू होतं. रात्र निघते, पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर भराभर मागे पडायला लागतं. टाइमग्राफरवर (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावून बघितलं. तबकडी वर ठेवली तर अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २५० अंशांच्या आसपास, तबकडी खाली केली की २०५, आणि चावीची खुंटी खाली धरून उभं केलं तर १७५ पर्यंत उतरतं. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) २.४ मिलिसेकंद. चावी भरताना कुठे अडकत नाही, काटे नीट फिरतात. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या बारीक खुणा आहेत, म्हणजे पूर्वी कधीतरी सर्व्हिसिंग झालेलं आहे. शेवटचं कधी, ते कळायला मार्ग नाही.

दोन कारागिरांना दाखवलं. पहिले म्हणाले, "चालतंय ना? मग खोलायचं कशाला? बंद पडलं की आणा." दुसऱ्यांचं म्हणणं अगदी उलट: पूर्ण सर्व्हिसिंग करायचं, बॅलन्स दुसऱ्या मशीनमधून काढून बसवायचा आणि तबकडी नव्याने रंगवून घ्यायची. त्यांनी सांगितलेला खर्च घड्याळाला मोजले त्याच्या दुपटीच्या घरात जातो.

खर्चाचं मी मनाशी ठरवलंय. हे घड्याळ विकायचं नाही, त्यामुळे किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडते हा हिशोब मला लागू नाही. तबकडी तर मुळीच रंगवायची नाही. तिचा पिवळसरपणा, आकड्यांची किंचित पुसट झालेली कड, हेच तर मी विकत घेतलं. माझी अडचण वेगळी आहे. तेल वाळलेलं असताना घड्याळ रोज चालवलं तर पिव्हट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) झिजतात असं वाचलंय. ते खरं असेल तर "बंद पडल्यावर आणा" हा सल्ला घड्याळाच्या मुळावर येणारा आहे. मग दोनच मार्ग उरतात: आत्ता दुरुस्त करायचं, नाहीतर चावी न भरता ठेवून द्यायचं.

प्रश्न असे:

वरच्या आकड्यांवरून बॅलन्स खरंच गेलाय असं म्हणता येईल का? की साफसफाई आणि तेलाने भागेल?

दुसऱ्या मशीनमधला बॅलन्स बसवला तर घड्याळ पूर्वीसारखं वेळ दाखवेल का?

आणखी एक. काट्यांवर चकाकणारा जुना रंग आहे, आता अंधारात अजिबात दिसत नाही. काटे बराच काळ एकाच जागी थांबून राहिले असावेत, कारण तबकडीवर तेवढ्याच आकाराचा तपकिरी डाग उमटलाय. हे किरणोत्सर्गी रेडियम असेल का?

प्रतिसाद १

पहिल्या कारागिरांचं ऐकू नका. वाळलेलं तेल आणि धूळ मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. निर्णय होईपर्यंत चावी भरू नका.

प्रतिसाद २

आधी एक विचारतो, टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (अँप्लिट्यूड काढायला यंत्रात भरावा लागणारा मशीनचा कोन) किती ठेवला होता? बहुतेक यंत्रांत आधीपासून ५२ असतो. मशीनचा खरा कोन वेगळा असेल तर अँप्लिट्यूडचे आकडे सगळेच थोडे वर-खाली होतील. पण तुमच्या बाबतीत आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक बोलका आहे. तबकडी वर आणि तबकडी खाली यांत एवढी तफावत असली की बॅलन्सच्या एका टोकाचा पिव्हट चपटा झाला असण्याची शंका येते. त्या टोकाच्या ज्वेलमध्ये (पिव्हट ज्यात फिरतो त्या खड्यात) नुसती घाण असली तरी हेच दिसतं, आणि बाहेरून ते सांगता येत नाही. म्हणून बॅलन्स बदलायचं आधीच ठरवू नका. मशीन पूर्ण खोलून धुवायला सांगा, पिव्हट भिंगाखाली बघायला सांगा, मग बोला.

मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी स्प्रिंग) मात्र नवी टाकाच. जुनी निळसर पोलादी असेल तर ती ताकद हरवून बसलेली असते. दुपारनंतर मागे पडण्यात तिचा हात असणार.

बॅलन्स बदलायचाच झाला तर चाक आणि हेअरस्प्रिंग (त्याला झुलवणारी बारीक स्प्रिंग) जोडीनेच घ्यावी लागते, ती एकमेकांशी जुळवलेली असतात. शॉक प्रोटेक्शन (धक्क्यापासून पिव्हट वाचवणारी सोय) असलेल्या आणि नसलेल्या मशीनचे बॅलन्स एकमेकांत चालत नाहीत, तेवढं तपासून घ्या. हे मशीन भरपूर बनलंय, सुटे भाग जुन्या मशीनमधून मिळतात. बीट एररच्या मागे लागू नका. अशा जुन्या रचनेत तो कमी करायला बॅलन्स काढून हेअरस्प्रिंगचा कॉलेट (तिला आसावर धरणारी कडी) फिरवावा लागतो, आणि त्यात हेअरस्प्रिंग वाकली तर होतं ते घड्याळही जाईल.

डागाचं वर्णन रेडियमचंच वाटतं. रंग चमकत नाही कारण त्यातलं झिंक सल्फाइड (रेडियममुळे चमकणारा पदार्थ) थकतं. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षं, ते तिथेच आहे. काच बंद असताना घाबरायचं कारण नाही, पण काटे खरवडू नका आणि कारागिरांना आधीच सांगा. ती धूळ श्वासातून जाता कामा नये.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. लिफ्ट अँगल ५२ च होता, मी बदलला नव्हता. आजपासून चावी बंद. दुसऱ्या कारागिरांकडेच जातो, पण आधी फक्त खोलून, धुऊन पिव्हट दाखवा असं सांगेन आणि रेडियमचंही बोलेन. एक शेवटचं: पिव्हट थोडाच चपटा निघाला तर तो घासून पुन्हा गोल करतात म्हणे. ते करून घेण्यासारखं आहे, की त्यापेक्षा बॅलन्स बदललेला बरा?