मदत हवी आहे: बॉक्सिंगमध्ये वरच्या वजनात जाऊन मिळवलेला सगळ्यात मोठा विजय कोणता?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. तालमीसमोरच्या टपरीवर मामांशी चार दिवसांपासून वाद चालू आहे. हरेल त्याने सगळ्यांना हुरडा खाऊ घालायचा, असं ठरलंय.

माझा गडी मॅनी पॅकियाओ. 1995 ला साधारण 48 किलोवर सुरुवात केली आणि 2010 मध्ये सुपर वेल्टरवेटच्या (साधारण 70 किलोपर्यंतचा गट) पट्ट्यासाठी थेट अंतोनियो मार्गारितोसमोर उभा राहिला. वजन केलं तेव्हाच अडीच किलोंनी हलका. लढतीच्या रात्री फरक आणखी वाढलेला. तरी बारा फेऱ्या असा ठोकला की मार्गारितोच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं. शेवटी तर पॅकियाओच पंचाकडे बघत होता, थांबवा आता म्हणून! आठव्या वजनगटातला पट्टा होता तो.

मामा म्हणतात, "गटाची मर्यादा सोडून दोघांचं वजन 68 किलोवर बांधून घेतलं होतं ना? आपल्या कुस्तीत चालतं का असलं? अन् मार्गारितोला 2009 लाच शेन मोस्लीनं हरवून मोडलेला." हा मुद्दा मला खोडता येईना.

त्यांचा माणूस रोबेर्तो दुरान. लाइटवेटचा (साधारण 61 किलो) राजा वर वेल्टरवेटला (साधारण 67 किलो) गेला आणि 20 जून 1980 ला मॉन्ट्रियलमध्ये तोवर अजिंक्य असलेल्या शुगर रे लेनर्डला 15 फेऱ्यांत हरवलं. पण नोव्हेंबरमध्ये त्याच लेनर्डसमोर आठव्या फेरीत स्वतःहून हात टेकले, त्याचं काय? मामा म्हणतात, ते वेगळं मोजायचं.

जाणकारांनो, नंतरची हार आधीच्या विजयातून वजा करायची का? आणि बांधून घेतलेल्या वजनाला किती किंमत द्यायची? जरा लवकर सांगा, ज्वारी हुरड्यात आलीय.