नेरूळ : छोट्या बागेत शिल्प आणि शोभेच्या वस्तू, काय ठेवू?

निशिगंध
नमस्कार मंडळी. नेरूळला सिडकोच्या जुन्या रो हाऊसमध्ये राहतो. पुढे दहा बाय बारा फुटांची मातीची जागा आहे. अनंत, कर्दळ, कढीपत्ता एवढीच झाडं. तिथे नजर ठरेल असं काहीतरी ठेवायचंय. गेल्या वर्षी सिमेंटचे रंगवलेले दोन फ्लेमिंगो आणले होते (खाडीवर दरवर्षी येतात, मुलीला फार आवडतात) आणि एक लोखंडी कंदील. गणपतीपर्यंत फ्लेमिंगोंच्या रंगाचे पापुद्रे निघाले, कंदिलाच्या गंजाचे डाग फरशीवर अजून आहेत. बजेट सात-आठ हजार. गावी आईचं जातं आणि उखळ पडून आहे, ते बागेत शोभेल का?

खाडीकाठ
आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड नकोच. गॅल्व्हनाइज करून (म्हणजे वर जस्ताचा थर चढवून) घेतलं तरी नंतर वेल्डिंग केलं की त्या जोडापासून गंज सुरू होतो. मी पितळेची घंटा टांगली आहे. हिरवट झाली, पण पोखरली नाही.

दगडफूल
जातं आणाच! विकत घेतलेल्या कुठल्याही मूर्तीपेक्षा ते तुमच्या बागेत जास्त शोभेल. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. चांगला घट्ट दगड पाणी फारसं शोषत नाही, कितीही पावसाळे काढतो. वर शेवाळ धरलं तर घासू नका, तेच त्याचं रूप.

जागा ठरवायची घाई करू नका. घरातून रोज जिथे नजर जाते, म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी किंवा चहाची खुर्ची, तिथून बघा. आधी बादली पालथी घालून चार दिवस ठेवा. खुपली तर हलवा. मागे कर्दळीसारखी मोठी गडद पानं असतील तर दगडाची कड उठून दिसते. खाली चार इंच खडी-मुरूम ठोकून घ्या, नाहीतर जुलैत जातं एका बाजूला कलतं.

उखळात पाणी ठेवलंत तर बुलबुल, दयाळ येतील. पण डेंग्यूचा डास अशाच पाण्यात होतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी काठाला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा काथ्याने आतून घासा.

फ्लेमिंगोंचं सांगायचं तर सिमेंट पाणी पितं आणि ते बाहेर पडताना ऑइल पेंटला ढकलतं. उरलेला रंग खरवडून नुसतं सिमेंट ठेवा. मुलीचे आहेत, टाकू नका.

मोगरा_ठाणे
आम्ही घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर. बाल्कनीत असं काही जमेल?

दगडफूल
दगड नको. एक घनफूट काळा दगड साधारण 80 किलो भरतो. मातीचं घ्या. धारावीच्या कुंभारवाड्यात स्वतः जा आणि प्रत्येक भांडं बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं, बद्द वाजलं तर पावसात भुगा होणार. वर गेरू लावा, उडाला की दिवाळीला पुन्हा. कठड्यावर मात्र एक पणतीही ठेवू नका, खाली माणसं चालतात.

शिळावाचक
एक कळकळीची विनंती. "गावचा जुना कोरीव दगड" म्हणून कोणी विकायला आणला तर घेऊ नका. तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असू शकतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, म्हणजे तो आपला लिहिलेला इतिहासच. शंभर वर्षांपेक्षा जुनी शिल्पं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात. शिवाय दगड जागेवरून हलला की तो कुणाचा, कुठल्या गावचा, हे कायमचं पुसलं जातं. घरचं जातं-उखळ आणायला काहीच हरकत नाही.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. बादली अनंताजवळ ठेवली होती, दुसऱ्या दिवशी कर्दळीपुढे सरकवली, आता तिथेच पक्की. आईला फोन केला. ती म्हणाली, "जातं जमिनीला टेकवू नकोस, येताजाता पाय लागेल." म्हणून खडी-मुरमावर जांभ्याचे दोन चिरे ठेवून त्यावर जातं बसवतोय. खुंटा हरवलाय, तो बाभळीचा करून मिळेल असं गावच्या सुताराने सांगितलंय. उखळ खाली, मुलीच्या फ्लेमिंगोंच्या मध्ये. पाणी बदलायचा वार तिने रविवार ठरवलाय.