टेबल केलं म्हणजे नक्की काय केलं?

७०२: इतिवृत्त वाचलं. मुद्दा ५ : वॉटरप्रूफिंगचा प्रस्ताव 'टेबल्ड'. मुलाला फोटो पाठवला, तो न्यूजर्सीहून म्हणतो आई, बासनात गुंडाळला. हे कधी ठरलं? माझ्या बेडरूममध्ये बादली लागलीये.

सेक्रेटरी: काकू, टेबल करणे म्हणजे मांडणे. विधानसभेत अहवाल पटलावर ठेवतात ना, तेच.

२०१: इतिवृत्त मराठीत लिहा.

३०४: काकू, दोघंही बरोबर. ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला घेणे, अमेरिकन इंग्रजीत बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्हीकडचे अधिकारी बराच वेळ भांडले, चर्चिलनी आठवणींत लिहिलंय. गंमत म्हणजे दोघांना हवं होतं एकच.

१०१: त्यांचं टेबल म्हणजे आपलं शेल्व्ह. इंग्रजांचा कारभार फर्निचरवरच 😂

७०२: तुम्हाला हसू येतंय. तळमजल्यावर गळत नाही.

१०१: सॉरी काकू 🙏

४०३: टेबलवरून आठवलं. ऑफिसातलं घडीचं टेबल गणपतीनंतर दिसलं नाही. कोणी नेलं?

१०१: तेही टेबल झालं. अमेरिकन अर्थाने.

२०१: इतिवृत्त मराठीत लिहा. २०१९ पासून सांगतोय.

सेक्रेटरी: अण्णा, मराठीत लिहिलं तर ६०३ ला अडचण होते म्हणून इंग्रजीत लिहितो. रात्री जागून, फुकट.

६०३: माझं नाव कशाला? २२ वर्षं इथे राहतोय, सामनासुद्धा वाचतो.

चेअरमन: कृपया विषयावर बोलावे.

७०२: विषयावरच आहे. मतदान झालं का नाही? मी नातवाच्या मुंजीला होते.

सेक्रेटरी: कोरम नव्हता. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून सभा घेतली. प्रस्ताव मांडला. मग कोटेशनवरून वाद झाला, साडेनऊ वाजले, लोक उठून गेले. पुढच्या सभेत घेऊ.

३०४: म्हणजे आधी ब्रिटिश, मग अमेरिकन.

७०२: म्हणजे माझा मुलगा बरोबर होता.

सेक्रेटरी: _हा मेसेज डिलीट करण्यात आला_

२०१: मराठीत 'मांडला' आणि 'लांबणीवर टाकला' असे दोन सरळ शब्द आहेत. इतिवृत्त मराठीत लिहा.

७०२: अण्णा, पहिल्यांदाच पटलं तुमचं.

४०३: टेबलचं काय झालं?

चेअरमन: घडीचे टेबल माझ्याकडे आहे. पाहुणे आले होते. उद्या ऑफिसात आणून ठेवतो.

१०१: पटलावर ठेवा साहेब 🙏